शंभर वॅटचे बल्ब

जांभूळ,
ता. २२ नोव्हेंबर २००४

चि. मुकेश यास,
अ. आ. व जयभीम.

हे पत्र तुझ्या दाजींच्याच ट्रकमधून पाठवतेय. फोन केला असता, पण पीसीओवाला गिऱ्हाईक सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतो. आणि तू तर बहिणीचं घरच विसरलास. उल्हासनगर ते जांभूळ म्हणजे काय दुबई आहे का रे?

काम असं आहे. महिनाभर दाजींची एकच चिडचिड, ट्रकचे लाइट मेलेत. दिवस मावळला की रस्ताच दिसत नाही म्हणतात. परवा पाइपलाइनच्या वळणावर ड्रम भरलेली गाडी चरात घातली. नशीब, पालथी झाली नाही. गाडी शंकररावांची असली तरी एकोणीस वर्षं हेच चालवतात, तिला कधी ओरखडा आला नव्हता. मालक म्हणाले, नवे बल्ब लावून घे. तर रविवारी येतील. तू एवढा लाइटचा कारागीर, चांगले झगझगीत लाव. गाडी सुटली तर घर कशावर चालणार, हा घोर मला झोपू देत नाही.

अंबरनाथ पूर्वेला एक मुलगी बघून ठेवलीय, नर्स आहे. तोंड वाकडं करू नकोस. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
चांगुणा

---

उल्हासनगर, कॅम्प ४
ता. २९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

काम एकदम फर्स्टक्लास झालं. जुने बल्ब काढून शंभर वॅटचे टाकले. जाड वायर ओढली, रिले लावला, नाहीतर स्विच जळून जातो. रिले म्हणजे छोटी डबी, स्विच दाबला की टिक करते. लाइट मारला तर समोरच्या गोडाऊनचं शटर पांढरंफटक! आमचे सिंधी शेठ डोळ्यांवर हात धरून विचारायला लागले की हा ट्रक आहे का लग्नाचा मांडव.

फक्त दाजी काही खूश वाटले नाहीत. पेटत्या लाइटच्या काचेवर तळहात टेकवून उभेच राहिले. भाजेल म्हटलं तर हसले आणि म्हणाले, बरोबर आहे. जुने बल्ब मी कागदात गुंडाळून सीटखाली ठेवलेत, चालू आहेत, फेकू नकोस.

नर्सबद्दल नंतर बोलू. ओरड, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मुकेश

---

जांभूळ,
ता. ९ डिसेंबर

चि. मुकेश यास,
अ. आ. व जयभीम.

तुझे बल्ब लागून दहा दिवस झाले, रड तीच. समोरून येणारे ड्रायव्हर खिडकीतून आईबहिणीवरून शिव्या घालतात, इतका उजेड आहे म्हणे. आणि हे म्हणतात, मुकेशने डुप्लिकेट माल लावला. अजून मोठे बसवून दे.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. सहा तारखेला आम्ही दादरला गेलो होतो. अंधार पडायला लागला तसा यांनी माझा पदर धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. बायका हसत होत्या. गर्दीत तू हरवशील म्हणाले. मी काय लहान आहे? घरातसुद्धा दिवेलागणीला खाट चाचपून बसतात, पाण्याचा तांब्या पायाने लवंडतात. यांचे वडील शेवटी शेवटी असेच भिंत धरून चालायचे. मुकेश, मला भीती वाटते. विचारलं तर अंगावर येतात. तू बघ काहीतरी. तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

तुझी ताई,
चांगुणा

---

उल्हासनगर, कॅम्प ४
ता. २० डिसेंबर

ती. ताईस,
सा. जयभीम. वि. वि.

काल संध्याकाळी दाजी आले. त्यांना केबिनमध्ये बसवून लाइट चालू ठेवला. समोरच्या शटरवरचा फोन नंबर त्यांनी घडाघडा वाचला. मग मी लाल फडका घेऊन उजेडातच, पण जरा बाजूला उभा राहिलो आणि हलवत राहिलो. चार वेळा केलं. चारही वेळा दाजींनी हाक मारली की मुकेश, कुठे गेलास. मी समोर होतो गं.

बल्बमध्ये काही खोट नाही, ताई. दोन वर्षांपूर्वी लायसन रिन्यू केलं तेव्हा एजंटने डोळ्यांचा कागद घरबसल्या सही करून आणून दिला. आपण त्याला पेढे दिले. तेव्हाच तपासलं असतं तर!

त्यांना डॉक्टरकडे ने. यापेक्षा मोठे बल्ब मी लावणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. तसे उठून गेले. माझ्यावर राग धरू नका.

तुझा,
मुकेश

---

जांभूळ,
ता. १७ जानेवारी २००५

चि. मुकेश यास,
अ. आ. व जयभीम.

तू नाही म्हणालास म्हणून त्यांनी दुसरीकडून एकशेतीसचे लावून घेतले. गेल्या सोमवारी आनंदनगरहून येताना समोरून किसन दूधवाला सायकलवर येत होता. त्या उजेडाने त्याचे डोळेच मिटले आणि तो कॅनसकट खड्ड्यात गेला. मांडीचं हाड मोडलं. यांना तो आधीही दिसला नाही आणि पडलेलाही दिसला नाही. लोकांनी ट्रक अडवला तेव्हा कळलं.

त्यानंतर स्वतःच म्हणाले, चल डॉक्टरकडे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात तीन खेपा झाल्या. डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय. कडेचं गेलं, आता मधलं जाईल. वडिलांकडून आलंय. मी विचारलं, ऑपरेशन? नाही. चष्मा? नाही. औषध? डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, माझा हात धरून नाही म्हणाल्या. शंकररावांनी चावी काढून घेतली. त्यांचं तरी काय चुकलं?

नर्सच्या घरी मी नंतर जाईन. सध्या मला कुणासमोर हसता येत नाही. तू तेवढा येऊन जा रे.

तुझी ताई,
चांगुणा

---

आनंदनगर, अंबरनाथ
ता. ३० जानेवारी, दुपार

चि. मुकेश यास,
जयभीम.

इथे गाडीपाशी उन्हात बसून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल. चावी होती तोवर तुम्हा दोघांची पत्रं माझ्याच गाडीतून गेली आणि आली. उघडली नाहीत. आत काय असेल ते मला ठाऊक होतं.

तुझा माल डुप्लिकेट नव्हता. शेठसमोर तुझी बदनामी केली, माफ कर. मला गणपतीपासूनच कळलं होतं. पण बल्बचा दोष आहे तोवर मी ड्रायव्हर होतो. त्या दिवशी काचेवर हात ठेवला तो त्यासाठीच. काच गरम लागली, म्हणजे उजेड पडतोय. मग मला काय झालंय ते नक्की झालं. पुढे रोज संध्याकाळी रिलेची टिक ऐकायची, काचेला हात लावायचा आणि निघायचं. फडक्याच्या वेळी तू समोरच असशील हे मला कळत होतं. हाक मारली ती तू बाजूला गेलास असं वाटावं म्हणून.

किसनला भेटून आलो. तो म्हणाला, नुसता उजेड आला आणि पुढचं सगळं गेलं. त्याच्या पायाशी बसून रडलो. तो बिचारा मलाच पाणी द्यायला बायकोला सांगत होता.

उद्यापासून गाडीवर सोमा ड्रायव्हर येतोय. सीटखाली कागदात तू ठेवलेले जुने बल्ब आहेत, ते परत लाव. त्याला तेवढे पुरतील.

ताईला तुझा आधार दे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस. उत्तर मोठ्या अक्षरात लिही. आणि लवकर लिही.

तुझा दाजी,
सुदाम