वाढत्या अंगाचा स्वेटर

४ डिसेंबर २०१६, रविवार
मुक्ताचा फोन. नऊ मिनिटं, त्यातली सात हाल्याची. माझी पोरगी पूर्व युक्रेनमधल्या एका गावात, लढाईच्या रेषेला लागून, लोकांना कोळसा वाटते, फुटलेल्या खिडक्यांवर प्लास्टिक ठोकून देते. तिकडे उणे अठरा. मदतसंस्थेने तिच्यासाठी हालीना नावाच्या म्हातारीकडे खोली घेतली आहे. सगळं गाव म्हातारीला हाल्या म्हणतं. नवरोबा श्री हसून हसून खोकला. “अगं, आपल्याकडे हल्या म्हणजे रेडा!” मु. चिडली. मला फार बरं वाटलं.
हाल्या बीटचं सूप देते. हाल्या शेगडीजवळची जागा देते. हाल्या केस विंचरते! मला बारा वर्षांत त्या केसांना हात लावू दिलेला नाही.

९ डिसें., शुक्र.
स्वेटर संपला. मोरपंखी. इथे सिंगापुरात वुडलँड्स ते जुरोंग ईस्ट, जाता-येता MRT मेट्रोत विणला. परवा शेजारची बाई म्हणाली, “आंटी, हिअर सो हॉट, निट फॉर हू?” मुलीसाठी, म्हटलं. ती कुठे आहे तेही सांगितलं.
सवयीने दोन्ही बाजूंना सैल ठेवला, खाली दोन इंच दुमडून आतून टाके घातले. वाढत्या अंगाचा. मु.चा पहिलीचा युनिफॉर्म असाच केला होता, दुमड सोडत सोडत चौथीपर्यंत पुरवला. श्री म्हणतो, सत्तावीस वर्षांची पोरगी आता कुठे वाढणार? वाढेल. नाही वाढली तर आत अजून एक स्वेटर घालेल.
मु.चा सहकारी सुट्टीवर इथे आलाय. मंगळवारी परत जाईल, त्याच्याबरोबर देणार.

२० डिसें.
“पोचला. मस्त आहे. थँक्स आई.” बस्स. फोटो नाही. मागितला तर म्हणे, “पाठवते लाह.” ही इथली सिंगापुरी लकब, टाळायचं असलं की हमखास.
काहीतरी आहे.

२५ डिसें., रवि.
फोटो आला. स्वेटर हाल्याच्या अंगात.
माझा स्वेटर! अगदी मापाचा बसलाय तिला, जसा काही तिच्याचसाठी... मु. खाली लिहिते, “माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या त्यात. तिच्याकडे एकच विटका कोट होता आई. रागावू नकोस ना.”
फोन उलटा ठेवला. जेवले नाही. श्री सांगायला आला, म्हातारीच्या घराचं अर्धं छप्पर उडालंय, तुला माहितीये ना. माहितीये! सगळं माहितीये. मी काय राक्षसीण आहे?
तरी जळले. लिहूनच ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. सिंगापुरात पंख्याखाली बसून मी एका अशा बाईवर जळते आहे, जिच्या खिडकीला काच नाही.

१४ जाने. २०१७, संक्रांत
जुरोंग ईस्टला हळदीकुंकू. सगळ्या एकसुरात, “किती अभिमान वाटत असेल ना तुम्हाला!” हो तर. तिळगूळ दिला, घेतला. गोड बोलून बोलून जबडा दुखला.
घरी आले तर मु.चा फोन. ३१ला तिची मुदत संपते. थंडी संपेपर्यंत थांबतेस का, असं तिच्या साहेबांनी विचारलंय. मला वाटलं, हिने हो म्हणूनही टाकलं असेल. तर नाही.
“तू ये म्हणालीस तर येते आई. प्रॉमिस. तू म्हणशील तसं.”
विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला. तिच्या खोलीतली चादर बदलली, कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला.

२२ जाने., रवि.
अजून सांगितलेलं नाही. आज सांगणारच होते. तेवढ्यात बोलता बोलता मु. म्हणाली, हाल्याची मुलगी रेषेच्या पलीकडच्या गावात असते. पूर्वी तासाभरात यायची. आता दोन वर्षं झाली, येता येत नाही.
म्हणून काय माझी
नको. खोडत नाही, पण पुढे लिहीतही नाही.

२९ जाने., रवि.
काल चायनीज न्यू इयर, आज अजून ब्लॉकमध्ये शांतता. दुपारी व्हिडिओ कॉल. मनात एकच शब्द तयार ठेवला होता: ये.
पडद्यावर हाल्या. गोल तोंड, डोक्याला फडकं, अंगात माझा स्वेटर. आणि खालची दुमड तिने सोडली आहे! माझे टाके उसवून स्वेटर कमरेखाली ओढलाय. दोन इंच गडद पट्टा, नवा कोरा. मु.साठी राखून ठेवलेले होते ते.
म्हातारी पुष्कळ बोलली. मी मु.ला म्हटलं, “काय म्हणते, सांग की.”
“ती विचारतेय, तुम्हाला तुमची मुलगी कधी परत हवी. म्हणते, दिवस सांगा, मी स्वतः गाडीत बसवून देईन. आईला असं वाट बघायला लावू नये, म्हणते.”
म्हातारीचा हात मु.च्या केसांवर होता. मु.ने तो काढला नाही. श्री माझ्याकडे बघत होता. ते दोन इंच मला दिसत होते, तिच्या मांड्यांवर नीट बसलेले.
तोंडातून निघालं, “थंडी संपली की.”
मु.ने सांगितलं. हाल्या हसली, मग पदर लावावा तसं डोक्याचं फडकं डोळ्यांना लावलं. कॉल तुटला, पुन्हा लागेना.
कपाटाचा वरचा कप्पा तसाच रिकामा आहे. जळफळाट गेलेला नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.
तिकडची थंडी कधी संपते, तेवढं विचारायचं राहिलं.