हंड्यातली हिरवी रेघ

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दिवेलागण

आज पुन्हा हंडा राखेने घासला. नदीचं पाणी भरून ठेवलं की आत शेवाळाची हिरवी रेघ धरते. परवाच तर घासला होता.

भातं कापून झाल्यावर आम्ही बायकांनीच गोणी रचून बंधारा घातला. पुढे मीच होते. पाणी साठलं तशी सगळ्यांनी काठावर कलिंगडं लावली, आम्हीही. टाकलेलं खत झिरपून नदीतच. नदी वाहती होती तेव्हा कळत नव्हतं, आता साचलंय. खत कमी टाका म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? ह्यांनी कालच खताची आणखी एक गोण फोडली.

शेजारची कुसुमकाकी म्हणाली, "फोडूया गो तो बंधारा. जाऊ दे घाण खाली." पटलं मला. उद्या सकाळीच जायचं ठरवलं.

मग लेकीचा फोन. बंधाऱ्याच्या खालच्याच वाडीत दिलीय तिला. म्हणाली, "आई, यंदा आमच्याकडे पाणी थोडं येतं, पण कसं नितळ आहे गो."

बरं म्हटलं.

सकाळी काकी हाक मारायला येईल. हंडा मघाशीच घासलाय, तरी पुन्हा घेऊन बसले.