हवाबंद

१ मार्च, महागाव
पीएच.डी.ची मुदत ३० एप्रिलला संपते. सहा वर्षांत प्लास्टिकचा नमुना झाला नाही, कारण कॉलेजने मला वेळच दिला नाही. आता दोन महिने पुष्कळ. तांब्याचा कॅटॅलिस्ट घालून स्टायरीन या द्रवाचं प्लास्टिक करायचं, पण रेणूंच्या साखळ्या हळूहळू आणि सगळ्या एका मापाच्या वाढवायच्या. थोडक्यात, प्लास्टिकला शिस्त. उद्या पहाटे पाचला सुरुवात.

२ मार्च, सकाळी ९.४०
उठलो.

८ मार्च
स्टायरीन शुद्ध केलं. ते बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून कंपनी औषध घालते, ते काढलं. आता थंड ठेवायला हवं, पण लॅबच्या फ्रिजमध्ये प्राचार्यांचं पन्हं आहे. बाटली खिडकीत ठेवली. दोन दिवसांचाच प्रश्न.

१९ मार्च
फ्लास्कमध्ये हवा शिरली की प्रयोग बाद. म्हणून आत नायट्रोजन भरायचा. सिलिंडरसाठी पर्चेस कमिटी बसवण्यापेक्षा तनवीरच्या टायरच्या दुकानातून ट्यूबमध्ये भरून आणला. कोणत्या गाडीत टाकायचा, असं त्याने विचारलं. संशोधकाला हे सोसावं लागतं.

२० मार्च
बाटलीतलं थोडं स्टायरीन घेऊन प्रयोग केला. सुरेख हिरवा रंग! बायको उर्वशीला फोटो पाठवला. पालक आहे का, असा तिचा मेसेज.

२२ मार्च
फोटो पाहून गाइड मॅडमचा फोन. हिरवं म्हणजे हवा शिरली, तांबं वाया गेलं. टायरच्या नायट्रोजनमध्ये थोडी हवा असतेच म्हणे. तनवीरने फसवलं.

१६ एप्रिल
परीक्षा ड्युटी झाली, ढाणकी गावची दोन लग्नं झाली. पारा ४४. अशा उन्हात प्रयोग करणं शास्त्राला धरून नाही.

२९ एप्रिल
उद्याचा दिवस पुरेसा आहे. प्रेशरखाली माझं काम उत्तम होतं.

३० एप्रिल
खिडकीतली बाटली उलटी केली. थेंब पडेना. आत सगळं काचेसारखं घट्ट. उन्हाने आपोआप प्लास्टिक झालं. तांबं नाही, नायट्रोजन नाही, मी नाही.
शिपाई रामसिंग बघत होता. म्हणाला, "सर, तुमी हात नाही लावला म्हनून जमलं वाटते."
मॅडमना कळवलं, पॉलिमर तयार. साखळ्या एका मापाच्या आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं. नाहीत म्हटलं. मग बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला रडू आलं. उन्हाचा त्रास असावा.

६ मे
नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. लॅबचं दार आपटतं म्हणून रामसिंगने ती बाटली दाराशी लावली आहे. दार आता दिवसभर उघडं असतं. हवा छान येते.