बद्द वाजणाऱ्या दोन बोटी

साडूभाऊंस सप्रेम, पण तूर्त जरा सावध नमस्कार.

आपली तब्येत उत्तम असेल आणि ताईंच्या पाठीचं दुखणं उतरलं असेल असं धरून चालतो. धरून चालतो अशासाठी, की मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर सगळी खुशाली सांगितलीत खरी, पण त्यातलं एक अक्षरही माझ्या पदरात पडलं नाही. तुम्ही पुटपुटत होता. (हल्ली फोनवर कुणी धड बोलतच नाही. आमच्या घरातही तीच तऱ्हा आहे, पण त्याबद्दल पुढे.) म्हणून हे सविस्तर पत्र. कागदावर माणसाला पुटपुटता येत नाही.

तुम्ही लेकीसाठी पाठवलेली जुनी कयाक पोचली. आभार आधीच मानून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुम्हाला ते खोटे वाटतील. येत्या रविवारी तिची परीक्षा आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. नदी जिथे दोन कड्यांच्या मध्ये शिरते, तिथून तीन खळाळ आणि एक पुरुषभर उंचीची उडी पार करून खाली यायचं. जमलं तर नदीवर मार्गदर्शकाची नोकरी नक्की. त्या फेसात बोटीचं बूड फाटलं तर काय होईल, ते मी लिहीत नाही आणि तुम्हीही ताईंना वाचून दाखवू नका. तर अशा कामासाठी तुम्ही स्वतः बारा वर्षं दगडांवर घासलेली बोट, दोरीचा एक तुकडासुद्धा परत न मागता, देऊन टाकलीत. साडूभाऊ, मी एकतीस वर्षं पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. कुणी एखादी वस्तू हसत हसत देऊन टाकली, की मी पहिल्यांदा तिचा तळ बघतो.

तुम्ही म्हणाल, टाकी वेगळी आणि कयाक वेगळी. मुळीच नाही. दोन्हींचा जन्म एकच. साच्यात प्लास्टिकची भुकटी टाकायची, साचा भट्टीत गोल गोल फिरवायचा, आणि भुकटी वितळून आतून सारखी लिंपली गेली की थंड करून बाहेर काढायची. फरक एवढाच, की टाकीत पाणी आत ठेवायचं असतं आणि कयाकमध्ये बाहेर. आणि माल पक्का आहे की कच्चा, हे ओळखायला माझ्याकडे एकच यंत्र होतं, एक लाकडी हातोडी. ठोकायचं आणि ऐकायचं. नीट भाजलेलं प्लास्टिक खणखणीत वाजतं, कच्चं किंवा चिरलेलं बद्द वाजतं. तुम्ही जन्मभर व्हायोलिनं दुरुस्त करत आलात, तुम्हाला सुरांतलं कळत असेल. प्लास्टिकमधलं मला विचारा.

बोट घरात आल्या आल्या मी तिला सतरा ठिकाणी ठोकलं. सतराही ठिकाणी बद्द. सीटखाली बद्द, टाचा टेकतात तिथे बद्द, नाकाडावर बद्द. मी तुमच्या मेहुणीला म्हटलं, तुझ्या ताईंच्या घरून कुजका माल आलाय. तिने तोंड फिरवून काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते कळलं नाही, पण खांदे हलत होते.

मग मी बोटींच्या दुकानात गेलो. दुकानदार बऱ्यापैकी गोड, आणि गोड दुकानदाराइतकं संशयास्पद या जगात काही नाही. तोही ओठ न हलवता बोलणारा निघाला. ज्याला लपवायचं असतं तो असाच बोलतो. मी हातोडी काढली आणि भिंतीला टेकवलेल्या बोटी ओळीने ठोकत गेलो. निळी बद्द, पिवळी बद्द, अगदी कालच वेष्टण काढलेली हिरवीसुद्धा बद्द. ओळीच्या शेवटी एक लाल हेल्मेट होतं, तेही ठोकलं. त्याच्या आत एक गिऱ्हाईक होतं. ते काय म्हणालं ते सुदैवाने मला ऐकू आलं नाही. दुकानदाराला मात्र मला लवकर बाहेर काढायची इतकी घाई झाली, की हिरवी बोट चार दिवस घरी नेऊन बघा, असं त्याने हातवारे करकरून सुचवलं. परवापर्यंत ती परत करायची आहे.

आता घरात दोन बोटी आहेत आणि माणसांनी कुठे बसायचं हा प्रश्न आहे. तुमची बोट जाडजूड, पोट गोल, दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचललेली. लेकीचे प्रशिक्षक म्हणतात (लिहून दाखवायला लावलं मी त्यांना), अशी बोट उडीनंतर पाण्याखाली गेली तरी बुचासारखी वर येते. दुकानातली हिरवी चपळ आहे. बूड सपाट, कडा धारदार, शेपूट पातळ. जागच्या जागी गर्रकन वळते, पण तेवढ्याच तत्परतेने शेपटीवर बसून नाक आभाळाकडे करते. तिचं प्लास्टिक कडक, सहसा ओरखडा उठत नाही, मात्र चीर गेलीच तर ठिगळ लागत नाही. तुमच्या बोटीचं मऊ, उन्हात ठेवली तर बुडाला खळगे पडतात, पण ते गरम पाण्याने उठतात आणि चीर तापवून सांधता येते. म्हणजे एक बोट सहसा दुखणं दाखवत नाही आणि एकदम जाते. दुसरी सारखी कुरकुरते आणि टिकते. (हे वाचून तुमच्या मेहुणीने माझ्याकडे का पाहिलं, ते मला ठाऊक नाही.)

प्रशिक्षकांचं मत तुमच्या बोटीच्या बाजूने पडलं, आणि तिथेच मला वास आला. ते आणि लेक हल्ली माझ्यादेखत कुजबुजतात. मी खोलीत गेलो की ओठ हलत असतात आणि आवाज नसतो. म्हटलं, हे लोक मला काय सांगत नाहीत ते बोटीच सांगतील. घरी कुणी नाही असं बघून परवा मी हिरवीत स्वतः बसलो. बसणं सोपं असतं. मांड्या आतल्या आधारांत अडकल्या आणि मी दिवाणखान्यात, जमिनीवर, वल्ह्यासकट नांगरला गेलो. तासाभराने तुमची मेहुणी आणि प्रशिक्षक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आले. त्यांचं म्हणणं, ते वीस मिनिटं घंटा वाजवत होते आणि दार बडवत होते. मी दारापासून पाच हातांवर होतो. घंटा वाजली असती तर मला कळली नसती का? पण दोघांनीही तीच हकिकत सांगितली, शब्दाला शब्द जुळवून. जुळवलेली हकिकत मी कारखान्यात पुष्कळ ऐकली आहे.

शेवटी म्हटलं, ठोकणं पुरे, आता आपटूनच बघू. दोन्ही बोटी गच्चीवर नेल्या (जिन्याच्या रंगाबद्दल घरमालकांशी वेगळा पत्रव्यवहार चालू आहे) आणि खाली अंगणात कुणी नाही याची खात्री करून आधी तुमची सोडली. फरशीवर पडली, कमरेएवढी उसळली आणि कुशीवर निजली. मग हिरवी. तीही तशीच. हिरवी पडेपर्यंत तळमजल्यावरचे शिंपी बाहेर आलेले होते आणि ती त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पडली. ते वर आले तेव्हा पांढरेफटक होते. त्यांनी माझ्या तोंडासमोर येऊन सांगितलं, "तीन वेळा ओरडलो. थांबा थांबा म्हणून तीन वेळा ओरडलो हो मी." मी त्यांची माफी मागितली. मनापासून मागितली. पण ते ओरडले हे मला तेव्हा पटलं नाही. भल्या माणसावरही मी संशय घेतला, हे तुम्हाला सांगून ठेवतो.

आणि आता शेवटचा पुरावा. बोटी उचलताना गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली. ती आमच्याच कारखान्याची, बुडाशी माझा स्वतःचा शिक्का आहे, गोलात तेवीस. तो शिक्का मी ऐकल्याशिवाय कधी मारला नाही. सहज हातोडी उचलली आणि टाकीला ठोकलं.

बद्द.

तेव्हा साडूभाऊ, निष्कर्ष असा, की तुमची बोट कच्ची, दुकानातली कच्ची आणि एकूण प्लास्टिकचाच काळ वाईट आला आहे. तुम्ही तुमची बोट का देऊन टाकलीत ते खरं खरं कळवावं. ताईंना नमस्कार.

आपला,
(अजून तरी) साडू

ता. क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं. पाकिटात घातलं, पण टाकलं नाही. ती टाकी डोक्यातून जाईना. माझा स्वतःचा शिक्का खोटा म्हणवेना आणि संशय घ्यायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, म्हणून काल मंगळवारी बाजारात जातो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. बराच वेळ वाट बघितली. मग बाहेर येऊन विचारलं, सुरू कधी करणार. त्यांनी कागद पुढे केला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धामुर्धा, आणि हे म्हणे तीनचार वर्षं चाललेलं आहे. भट्टीशेजारी एकतीस वर्षं काढली की असं होतं, असं त्यांनी लिहून दिलं. सोमवारच्या पत्रातले तुमच्याविषयीचे शब्द मी मागे घेतो. दुकानदाराविषयीचे अर्धेच घेतो. शिंप्यांकडे आजच जाऊन आलो.

ता. क. दुसरा. घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवूनच आलो होतो, पण लेक दारातच उभी होती. तिने तुमची बोट निवडली आहे. माझ्या अगदी समोर आली, माझ्या डाव्या कानाकडे जरा सरकली आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्याने म्हणाली, "बाबा, रविवारी नदीवर तुम्ही एकदा ठोकून बघा. तुम्ही हो म्हणालात की मी पाण्यात उतरते." साऱ्या घरात सध्या ती एकटीच स्पष्ट बोलते. तिला कळलं आहे असा मला दाट संशय आहे, आणि या एका संशयाचा मला तपास करायचा नाही. मी हो म्हणून बसलो. साडूभाऊ, मला भीती वाटते. गेल्या तीनचार वर्षांत मी नुसतं ऐकल्यासारखं करत आलो हे मला आज कळतंय, आणि तिच्या बोटीशी ते करवणार नाही.

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. पत्र शुक्रवारपर्यंत मिळेल. रविवारी सकाळी आठला नदीवर या, तुमच्या त्या व्हायोलिनवाल्या कानांसकट. फोन करू नका, नुसते या. लेक पाण्याकडे तोंड करून उभी असेल, मी बोटीशी वाकलेला असेन, तुम्ही मला दिसाल असे समोर उभे राहा. मी तीनदा ठोकीन, सीटखाली, टाचांशी आणि नाकाडावर. खणखणीत वाजली तर चष्मा काढून पुसायला लागा. मी हो म्हणेन. पण एकदा जरी बद्द वाजली, तर बोट तुमची आहे म्हणून किंवा मला वाईट वाटेल म्हणून चष्म्याला हात लावू नका.