डाव्या हाताचा भाता

बाबा, माझा डावा हात अजून भाता मारतो. उजवा पियानोवर, आणि डावा आपला हवेत पुढं-मागं, पुढं-मागं. सरांना पहिल्या दिवशी वाटलं, बाईला वात-बित झालाय. मी म्हटलं, नाय हो सर, पेटीवाल्याची पोर आहे मी. पेटीत डाव्या हातानं नुसता वारा घालायचा, सूर काढायचे उजव्यानं. पियानोला वारा लागत नाही, आणि डावा रिकामा बसला की सर चिडतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला कामाला लावायचं म्हणजे रिटायर माणसाला परत ड्यूटीवर बोलावण्यातला प्रकार.

व्हय, रिटायर झाले मी. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी नव्हती, म्हणून सांगते. एसटीत कंडक्टर होते, बहुतेक पैठणच्या गाडीवर. चितेगावला तुमची कंपनी आली की दर फेरीला गेटकडं बघायची आणि मग ओरडायची, "पुढं सरका, दारात काय मुक्काम करताय?" आवाज तुमच्यावर गेलाय. रिटायर झाले तशी लेकीनं एक कीबोर्ड आणून दिला, घरात बसून माझ्यावर खेकसू नकोस म्हणाली. सर त्यानंतर मिळाले. सत्तरी ओलांडलेले, उभी हयात एका मोठ्या हॉटेलात वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी पियानो वाजवलेले. हॉटेलनं पियानो काढला तो यांनी घरी आणला. आता बैठकीत पियानो आणि सोफा गच्चीवर. त्यांच्या बेगम चहा देताना ते अजून ऐकवतात.

सर मला एक जुनं जॅझचं गाणं शिकवतात. त्याची रीत अशी, की चाल एकदा नीट वाजवायची, मग तीच मनात धरून वर आपलं काहीतरी वाजवायचं, जे सुचेल ते, आणि शेवटी परत चालीवर यायचं. चाल मी तीन आठवड्यांत बसवली. डाव्या हातालाही वळण लागत आलं. पण "आपलं काहीतरी" आलं की मी थांबायची. बोटं तिथंच, पट्ट्यांवर टेकलेली. असे दोन महिने गेले. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, किसकी राह देख रै आप? गानेवाला नै आता यहाँ." मला रागच आला. बाहेर पडले, रिक्षावाल्याशी उगाच भांडले, आणि मुकुंदवाडी येईपर्यंत मला कळलं की मी खरंच गायकाची वाट बघत होते.

चौदा वर्षांची आहे मी. विहारासमोर जयंतीचा कार्यक्रम, तुमच्या गायन पार्टीचं नाव फळ्यावर. कंपनीत तुमचं बोट मशीनमध्ये सापडलंय, पट्टी बांधलीय, म्हणून पेटीवर मी. तुम्ही शेजारी मांडी घालून. पहिली दोन गाणी मी गायकाच्या मागं मागं चालते, तुम्ही शिकवलं तसं. तिसऱ्याला कडवं संपतं, गायक दम घेतो, ती मोकळी जागा मला भरायची असते, दोन-चार सुरांनी. मी भरते. मग अजून थोडी भरते. बोटं कुठं निघालीत मलाच माहीत नाही, आणि लई, लई मजा येतेय. गायक तोंड उघडतो, मिटतो, परत उघडतो. ढोलकीवाला हसायला लागतो. आणि तुम्ही पट्टीच्या हातानं भाता दाबून बंद करता. सगळ्या वस्तीसमोर पेटीचा आवाज मरतो. "चाल गायकाची असती," तुम्ही म्हणालात, "आपली नाय."

बरोबरच होतं तुमचं. आज सरांना विचारलं तर तेही हेच म्हणतील, गाणाऱ्याला उघडं पाडायचं नसतं. पण मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पेटी माझ्यापुढं आणून ठेवलीत. आई भाकरी थापत होती. तुम्ही तिच्याकडं बघत, माझ्याकडं नाही, म्हणालात, "काल काय वाजवलं व्हतंस ते? परत वाजव की." मी म्हटलं, हात दुखतोय. तुम्ही खोबरेल कोमट केलंत आणि कोपरापासून बोटांपर्यंत चोळलंत. दुसऱ्या दिवशी परत. पाचसहा दिवस. स्वतःचं बोट ठणकत असताना. मग एक दिवस पेटीला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून तुम्ही ती माळ्यावर ठेवलीत, आणि नंतर कधी विषय काढला नाहीत.

परवा सरांकडं चाल संपली आणि मी थांबले नाही. ते चौदाव्या वर्षीचं, अर्धं तोडलेलं, तसंच बोटांत होतं हो बाबा! गाणं कुठल्या देशातलं, सूर आपल्या वस्तीतले, पण बसलं. डावा हातही खाली आपलं काम करत होता. हरवले, सापडले, चालीवर परत आले. सर खिडकीकडं बघत बसले होते. वळले आणि म्हणाले, "ये क्या बजाए जी? फिर से बजाव."

मी परत वाजवलं. तीन वेळा वाजवलं. बेगम चहा ठेवायचा विसरून दारातच उभ्या राहिल्या. घरी येताना सबंध वाटभर मी खूश होते, रिक्षावाल्याशीसुद्धा गोड बोलले.

हे पत्र कुठं टाकायचं, आणि कोणत्या पत्त्यावर. पेटी माळ्यावरून काढलीय, भाता फाटलाय, कागद घडी करून तिच्यातच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं होतं. तेव्हा हात दुखत नव्हता, बाबा. एक दिवससुद्धा नाही.