चादरीचा आत दुमडलेला कोपरा

डब्लिन, ४ मार्च १९९७

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुझा सोडा ब्रेड पोचला. निम्मा चुरा झाला होता, तरी कॅमेरावाल्यांनी फस्त केला. चित्रीकरण संपलं गं बाई एकदाचं! भटक्यांवर फिल्म केली तेव्हा तू म्हणाली होतीस की, मी दुसऱ्यांची दुखणी चव्हाट्यावर मांडून पोट भरते. या खेपेला काय म्हणशील देव जाणे.

नदीकाठच्या लॉन्ड्रीत नन्सनी कुलपात ठेवून राबवलेल्या तिघी म्हाताऱ्या बोलायला तयार झाल्या. पोरी होत्या तेव्हा! कुणी लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून, तर कुणी नुसती देखणी म्हणून आत टाकलेली. ऐकताना अंगावर काटा येतो.

एक गंमत सांगते. मी त्यांना चादरीची घडी घालून दाखवायला सांगितली. तिघींनी अगदी तुझ्यासारखी घातली, कोपरा आत दुमडून वरून दोन थापा! माझी आईसुद्धा अशीच घालते, असं मी म्हटलं, तर त्यांच्यातल्या नोरीनबाईंनी चादर खालीच ठेवली. मग तुझं माहेरचं गाव विचारत बसल्या. म्हाताऱ्या माणसांना चौकशा फार. फिल्मचा शेवट त्या हातांवरच करणार आहे. चॅनेलवाले खूश आहेत.

गुडघ्याला तेल चोळतेस ना? रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ओर्ला

बॅलीनामोना, ८ मार्च १९९७

चि. ओर्ला हिला अनेक आशीर्वाद.

करडी कोंबडी अंडी द्यायची थांबली आहे. तुझा भाऊ डेक्लन छत बघायला येतो म्हणाला आणि गडप झाला. तुम्हा दोघांना आई फक्त नाताळातच आठवते.

ते हातांचं तेवढं काढून टाक. सुरकुतलेले हात कोण बघणार, आणि जेवायच्या वेळी? आपल्या घरातल्या चादरींच्या गोष्टी परक्यांना सांगायचं तुला काय अडलं होतं? नोरीनला माझ्याबद्दल काय काय सांगितलंस, ते लगेच कळव. तिचा भाजलेला हात आता नीट हलतो का?

थंडीत उघड्या डोक्याने हिंडू नकोस.

आई

डब्लिन, ११ मार्च १९९७

ती. आईस, सा. न.

तुझं पत्र मी जिन्यातच दोनदा वाचलं. नोरीनबाईंचा हात भाजल्याचं मी तुला लिहिलंच नव्हतं. फिल्ममध्येही ते नाही. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसल्या होत्या त्या.

मी तशीच त्यांच्याकडे धावले. त्या म्हणाल्या की, आत गेल्याबरोबर नन्स प्रत्येकीचं नाव बदलत. चादरीचं दुसरं टोक धरायला समोर अगाथा नावाची मुलगी असायची. वाफेनं हात भाजला तेव्हा तिनेच स्वतःच्या वाट्याचं लोणी लावलं होतं. खरं नाव कधी कळलंच नाही, म्हणून इतकी वर्षं शोधताही आलं नाही, असं सांगून त्या रडायला लागल्या.

आई, अगाथा तूच ना? देशभर माइक घेऊन हिंडले मी, आणि तुझ्याच स्वयंपाकघरात बसून हे मला कळू नये! माझं डोकंच चालेनासं झालंय. हातांचं दृश्य काढून टाकलं आहे. चॅनेलवाले ओरडताहेत, ओरडू देत. तुला नको असेल तर सगळी फिल्म डब्यात जाईल. फक्त माझ्यावर रुसू नकोस गं.

ओर्ला

बॅलीनामोना, १५ मार्च १९९७

चि. ओर्ला हिला पोटभर आशीर्वाद.

होय, मीच ती. नाचाच्या रात्री पोरं माझ्याकडे फार बघतात, असं पाद्रीबाबांनी सांगितलं आणि माझ्या बापाने स्वतः गाडीत घालून मला तिथे सोडलं. तुझ्या बाबांना हे मरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यावर लॉन्ड्रीचा शिक्का असायचा. गिऱ्हाइकाला तो दिसू नये म्हणून कोपरा आत. आपल्या चादरींवर मेला कसला शिक्का? पण हात ऐकत नाहीत. तुलाही मी तीच घडी शिकवली, याचं मला फार वाईट वाटतं. कोपरा बाहेर ठेवत जा.

दृश्य परत घाल. चादरीला दोन माणसं लागतात, नोरीनने एकटीने का धरावी? तिला घेऊन गुरुवारी ये, कॅमेराही आण. ब्रेड मी भाजून ठेवते. आणि ऐक, माझे नुसते हात दाखवशील तर खबरदार! तोंड दाखव. खाली नाव येतं ना, तिथे ते अगाथा-बिगाथा नको. खाली सही करते, तिच्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घे.

माया आहे तितकीच आहे, तुझीही असू दे.

तुझी आई,
ब्रिजेट मेरी लिनान