ओल्या दोऱ्याचे इंजिन

दारव्हा ते यवतमाळ या रुळाच्या काठावर राहणाऱ्या माझ्या माणसांनो, तांड्यांतल्या, वस्त्यांतल्या आणि फाटकाजवळच्या आयाबायांनो, आपल्या दारावरून आधी वाफेचे इंजिन नेले, मग गाडीच नेली, आणि दोन्ही वेळा आपल्याला कोणी विचारले नाही. मृत्युपत्र वारसांसाठी लिहायचे असते, असे वकील मला पुन्हा पुन्हा सांगत आहेत. पण माझ्याजवळ देण्यासारखे जे एकच आहे, त्यात तुमचाही वाटा आहे. म्हणून सुरुवात तुमच्या नावाने.

मी, फुलचंद रूपसिंग आडे, वय चौऱ्याहत्तर, एस.टी.चा सेवानिवृत्त वाहक, राहणार दारव्हा, हे लिहितो आहे तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेले नाही. जो माणूस डेपो मॅनेजरपासून मंत्र्यापर्यंत कोणाला घाबरला नाही, तो म्हातारपणी दबावाखाली सही करील असे ज्याला वाटते, त्याने माझे एकही भाषण ऐकलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठून निघालेच, तर ते खोटे समजावे.

१. घर. दारव्ह्याचे राहते घर मुलगी अंजू आणि मुलगा भारत यांना निम्मे-निम्मे. मागची टिनाची शेड मात्र एकट्या अंजूची. शेड पाडून दुकानाचे गाळे काढायचा नकाशा भारतने पुण्याहून मला मोबाईलवर पाठवला होता. नकाशा चांगला आहे. उत्तर 'नाही' असे आहे.

२. शेत. तांड्यावरचे कोरडवाहू शेत दोघांना समान. कसणाऱ्याच्या हातून ते काढून घेऊ नये.

३. बँकेत जे निघेल, त्यातून आधी कलम आठचा खर्च करावा. उरले तर दोघांनी वाटून घ्यावे. भांडण्याइतके उरणार नाही, याची काळजी मी घेतली आहे.

४. पुस्तके. सगळी पुस्तके तांड्यावरच्या अभ्यासिकेला. अट एकच, कपाटाला कुलूप लावायचे नाही. समासांत मी ज्या शिव्या लिहिल्या आहेत त्या खोडू नयेत. त्या लेखकांना आहेत, वाचणाऱ्यांना नाहीत.

५. इंजिन. हे कलम लांब आहे. हे लिहायचे होते, म्हणूनच बाकीची लिहिली.

शेडमध्ये टेबलावर वाफेचे इंजिन आहे. आपल्या छोट्या गाडीला जे होते त्याचीच प्रतिकृती, खऱ्याच्या एक अष्टमांश. दोन्ही हात पसरले तर कवेत येते. तांब्याचा बॉयलर, ओतीव लोखंडाची चाके, पितळेचे पट्टे, हाताने ठोकलेला एकेक रिव्हेट. आत खरी भट्टी आहे, पाण्याची पातळी दाखवणारी काच आहे, दाब वाढला तर आपोआप उघडणारी झडप आहे. कोळसा घातला तर ते चालेल. आजवर चाललेले नाही.

हे इंजिन माझे नाही. माझी पत्नी लालीबाई हिचे आहे, आणि ती आता नाही.

मी या इंजिनाचा वैरी होतो. माझ्या पणजाची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, हा आम्हा गोर बंजारा लोकांचा जुना धंदा. रेल्वे आली आणि ते बैल बसले. हे मी सभेसभेतून गरजलो आहे. वाफेचे इंजिन काढणार अशी बातमी आली तेव्हा तांड्यावर लोक जमले, चेहरे उतरलेले. मी उभा राहिलो आणि विचारले, "ज्या लोखंडाने तुमच्या बापजाद्यांची लदेणी मारली, त्याच्यासाठी रडता?" टाळ्या पडणार, तेवढ्यात बायांमधून लालीबाई उठली.

"झालं का तुमचं? बैल बसले ते माह्या लग्नाच्या कितीक आंधी बसले. मंग माह्या याडीचा निरोप कोन आनून देत होतं? तुमची येश्टी?"

सभा हसली. तांड्याचा नायक शंकरसिंग पवार अजून हसतो.

याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. लालीचे माहेर याच रुळावर यवतमाळच्या बाजूला. गाडी आमच्या तांड्याजवळ चढावर इतकी हळू होई की माणूस चालत-चालत बोलू शके. तिकडून निरोप असला की ड्रायव्हर लांब शिट्टी देई आणि शेवटी ती जराशी तोडी. लाली हातातले पीठ तसेच घेऊन रुळाकडे धावे. तो बाहेर वाकून ओरडे, "लाली, तुही माय बरी हाय वं! बकरी व्याली, दोन पिल्लं देल्ले!" मीही त्याच खेड्यांतून फिरत होतो, तिकिटे फाडत होतो, पण लोक ड्रायव्हरजवळ निरोप देत, माझ्याजवळ तक्रारी देत. वाफ गेली तसा तो ड्रायव्हरही निवृत्त झाला. त्यानंतर तिची याडी वारली. आम्हाला कळले तेव्हा माती होऊन गेली होती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी लाली दारव्हा स्टेशनवर गेली. सोबत तिच्या कशिद्याच्या सुताच्या रंगीत लड्या. इंजिन पाणी घ्यायला उभे होते. दोऱ्याचे एक टोक तिने भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या हातात दिले आणि इंजिनाची मापे घेतली. चाकांना लाल दोरा, खालच्या सांगाड्याला हिरवा, चिमणीला काळा, बॉयलरला निळा. टोकांना गाठी मारून सगळे दोरे तिने घरी माझ्या खुर्चीसमोरच्या खिळ्याला टांगले.

"माप घेऊन ठेवलं. भाषनातून सवड भेटली का बनवा."

सवड मिळायला निवृत्ती उजाडावी लागली. तोपर्यंत ते दोरे तिथेच. दर दिवाळीला ती काढून झटके आणि पुन्हा टांगे. माझ्यासारख्या बोलणाऱ्याला ते भाषणापेक्षा जास्त लागे.

मारोती मनवर हा माझा मोर्च्यातला सोबती. माझ्यावर पडणारी लाठी त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलेली आहे. दारव्ह्यात त्याचे लेथचे दुकान. मी दोरे घेऊन गेलो आणि विचारले, एवढे मोठे इंजिन लहान कसे करायचे? त्याने हिरवा दोरा मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा दुमडला.

"हा झाला आठवा हिस्सा. वहिनीनं एवढं केलं, आता तू नुस्ता भट्टीचा पंखा धर आन गप बस."

मी पंखा धरला. हळूहळू कानस धरायला शिकलो, रिव्हेट ठोकायला शिकलो. गप बसायला मात्र शिकलो नाही.

चूक सापडली ती बॉयलर सांगाड्यावर ठेवला तेव्हा. तो मागे अंगठाभर जास्त येत होता. चालकाची केबिन बसेना. मारोती निळा दोरा पुन्हा पुन्हा मोजून वैतागला. शेवटी घाबरत म्हणाला, "वहिनी, तुमचं माप चुकलं वाट्टे."

"म्या नाई चुकली. इंजिनच लांब होतं."

"हिरव्या दोऱ्यात तं लांब नाई ना."

लाली विचारात पडली. मग तिला आठवले. बॉयलर मोजताना पाण्याच्या खांबाची नळी गळत होती आणि निळा दोरा भिजून चिंब झाला होता. पिळाचे सूत भिजले की आखडते. तिने ओल्या दोऱ्यावर गाठी मारल्या आणि घरी खिळ्यावर तो वाळून सैल झाला. मारोतीने कपाळावर हात मारून घेतला आणि तांबे कापायला करवत उचलली.

लाली म्हणाली, "कापू नका हो भाऊजी. पानी पेऊन राह्यलं होतं ना ते. फुगलं असन."

आम्ही तिघे इतके हसलो की शेजारची माणसे डोकावून गेली. करवत खाली ठेवली. केबिन अंगठाभर मागे सरकवली. ती तशीच आहे.

मग शिट्टी. एकामागून एक शिट्ट्या मारोतीने केल्या आणि दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेवर वाजवून दाखवल्या. लाली दारात बसून गहू निवडत ऐके. "हे कुकर हाय." "हे बकरी." "हे तं तुमच्या नेत्याचं भाषन हाय, सुरू झालं तं थांबतच नाई." आम्हा दोघांच्या कानांवर तिचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होते. मी इंजिनावर बोलत राहिलो होतो, ऐकले तिने होते.

चार वर्षांपूर्वी तिला खोकला धरला. मग यवतमाळचा दवाखाना, मग नाकाला नळी. मारोती भेटायला आला तेव्हा तिने नळी बाजूला करून विचारले, "झाली का?"

"उद्या आनतो वहिनी. या खेपेला बरोबर जमली."

"आना. पन कुकर नोका आनू."

दुसऱ्या दिवशी मारोती शिट्टी रुमालात बांधून घेऊन आला, तेव्हा मी तिच्या पायांतली कडी उतरवत होतो. त्याने रुमाल सोडला नाही.

ती शिट्टी नंतर त्याने इंजिनावर बसवली. बसवली, वाजवली नाही. मी हजारो माणसांसमोर बोललो आहे, पण त्या शिट्टीच्या साखळीला माझा हात जात नाही. ती वाजेल, आणि ती बरोबर आहे की नाही हे सांगणारे दारात कोणी नसेल. हे मला सहन होत नाही. कोणी याला दुबळेपणा म्हणावे, मी वाद घालणार नाही. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर मी वाद घालणार नाही.

गेल्या वर्षी भारतने एका रिसॉर्टच्या मालकाला घरी आणले. सोबत त्यांचा एक तज्ज्ञ. त्याने जुने फोटो काढले, टेप लावला आणि सांगितले की बॉयलर लांब आहे. तो कापून द्या, रंग आम्ही देतो, स्वागतकक्षात काचेत ठेवू, पाहुण्याने बटण दाबले की स्पीकरमधून शिट्टी वाजेल. मी त्यांना चहा दिला आणि दार दाखवले. भारत म्हणाला, "बाबा, इथं ठेवून तरी काय करता? धूळ खात पडलं आहे." भारत वाईट मुलगा नाही. तोही आईचाच मुलगा आहे. तिच्या आठवणीने घरात बसवत नाही, म्हणून त्याला ते घरातून जायला हवे आहे. मला ते कळते. तरीही.

म्हणून हे इंजिन मी अंजूच्या हवाली करतो, पुढील बंधनांसह. ते विकायचे नाही. काचेत ठेवायचे नाही. त्यात स्पीकर बसवायचा नाही. आणि बॉयलर कोणीही, कितीही शिकलेल्याने, दुरुस्त करायचा नाही. तो जास्तीचा अंगठाभर तांब्याचा तुकडा म्हणजे माझ्या बायकोची एक दुपार आहे.

६. शेडमधली लहान लेथ, पाने, कानशी आणि उरलेले तांबे-पितळ मारोती मनवर यांना. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असा वकिलांचा सल्ला आहे. मारोती चिडून म्हणाला, "लेथ ठेव तुह्याजवळ, पन सही मीच करीन." वकिलांचे ऐकले. मारोतीने मला क्षमा करावी. त्याच्याऐवजी साक्षीला मुद्दाम शंकरसिंग पवार यांना बोलावले आहे. माझ्या प्रत्येक सभेत मागून "चाय आली का?" असे ओरडणारा हा माझा जुना विरोधक. याने खरे म्हटले तर कोणी खोटे म्हणणार नाही.

७. दोरे. लाल, हिरवा आणि काळा अंजूने ठेवावेत, दिवाळीला झटकावेत. निळा दोरा माझ्या मनगटाला बांधून माझ्यासोबत जाळावा. चूक होती याचा पुरावा माझ्याबरोबर जाऊ द्या.

८. तेरवी करू नये. जेवणावळ नको, फोटोला हार नको, आणि माझ्यावर भाषण तर मुळीच नको. तेराव्या दिवशी सकाळी इंजिन दारव्ह्याच्या जुन्या फलाटावर न्यावे. परवानगी अंजूने काढावी. ठेवायला मारोतीने चार हात लांब रुळांचा तुकडा जोडून ठेवला आहे. बॉयलरची दाबाची तपासणी आधी पक्की करून घ्यावी, खर्च कलम तीनमधून. मारोतीने भट्टी पेटवावी. वाफ धरली की साखळी अंजूने ओढावी. लांब, आणि शेवटी जराशी तोडून.

आता पुन्हा तुमच्याशी बोलतो, रुळाकाठच्या लोकांनो. गाडी परत आणा म्हणून मी तुमच्यासोबत रस्त्यावर बसलो, निवेदने दिली, घसा फाडला. गाडी आली नाही. आज मी तुमच्याकडे मोर्चा मागत नाही, वर्गणी मागत नाही. माझ्या लालीचा कान गेला, पण तिच्यासारखे कान तुमच्यात अजून आहेत. चढावर ती शिट्टी ऐकून ज्यांनी चुलीवरची भाकर करपू दिली, त्या बाया अजून आहेत. त्यांना खाटेवरून उठवून आणावे लागले तरी आणा. शिट्टी वाजल्यावर टाळ्या वाजवू नका, रडू नका. मारोतीजवळ जा आणि त्याला खरे सांगा. तीच असेल तर तीच म्हणा. कुकर वाटला तर कुकर म्हणा, बकरी वाटली तर बकरी म्हणा, तो दुसरी करील. त्या दिवशी फलाटावर या, आणि ऐका.

मृत्युपत्र करणार : फुलचंद रूपसिंग आडे (सही)

फुलचंद आडे यांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत केली आणि आम्ही आमच्या सह्या त्यांच्या डोळ्यांदेखत केल्या. ते पूर्ण शुद्धीवर होते आणि नेहमीसारखे चिडलेले होते.

साक्षीदार :
१. शंकरसिंग भावसिंग पवार, तांडा नायक (सही)
२. इंदूबाई भगत, सेवानिवृत्त शिक्षिका, दारव्हा (सही)

ठिकाण : दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दिनांक : ९ डिसेंबर २०२४